रॉकेट परत येतंय, पण यवतमाळच्या पोडावर इंटरनेट कशानं येणार?

२०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयच्या केंद्रावर हमीभावानं कापूस विकायचा तर आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. मग कोणत्या दिवशी कापूस घेऊन यायचं, त्याचा स्लॉट तिथंच घ्यावा लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, मध्यम धाग्याचा ७,७१०. म्हणजे यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात मोबाइलला रेंज आहे की नाही, हा प्रश्न आता रिल्स बघण्याचा उरलेला नाही. नोंदणी झाली तर हमीभाव, नाही तर व्यापारी देईल तो भाव. ई-पीक पाहणी, लाडकी बहीणची ई-केवायसी, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन, सगळ्यांची गत तीच आहे.

दुसरीकडे आपण रोज व्हिडिओ बघतोय. बारा-चौदा मजली इमारतीएवढं रॉकेटचं धूड आकाशातून खाली येतं आणि समुद्रातल्या बोटीवर उभंच्या उभं टेकतं. हीच रॉकेटं स्टारलिंकचे उपग्रह वर नेतात, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकशी करारही केला. मग झरी जामणीतल्या पोडावर किंवा पुसदच्या तांड्यावर छत्री लावली की काम झालं, असं समजायचं का? थोडक्यात उत्तर: घरोघरी नाही, पण गावासाठी कदाचित. हे उत्तर कसं निघतं, ते रॉकेटपासून ग्रामपंचायतीपर्यंत नीट बघू. (यातली माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे.)

रॉकेट परत आणण्यात एवढं काय आहे?

साधं रॉकेट म्हणजे एकदाच वापरायची वस्तू. उपग्रह वर सोडला की खालचा टप्पा समुद्रात पडतो, आणि त्याच्यासोबत इंजिनं, टाक्या, संगणक असा कोट्यवधींचा माल बुडतो. नागपूरला जाऊन आलेली एसटी दर फेरीनंतर भंगारात काढली, तर तिकीट किती होईल? रॉकेटचं अनेक दशकं असंच चाललं होतं.

स्पेसएक्सच्या फाल्कन ९ नं हे बदललं. या रॉकेटच्या खालच्या टप्प्याला नऊ इंजिनं आहेत. उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांनी हा टप्पा वेगळा होतो आणि वरचा टप्पा उपग्रह घेऊन पुढं जातो. खालचा टप्पा मग हवेत वळतो. वातावरणात शिरताना तो तापून फाटू नये म्हणून काही इंजिनं पुन्हा पेटवून वेग मारतात. वरच्या बाजूला चार जाळीदार पंख असतात, ते दिशा धरून ठेवतात. शेवटच्या काही सेकंदांत एक इंजिन पेटतं, चार पाय उघडतात आणि टप्पा टेकतो. उड्डाणापासून टेकण्यापर्यंत आठ-साडेआठ मिनिटं लागतात.

पहिल्यांदा हे जमलं डिसेंबर २०१५ मध्ये. एकदा उडालेला टप्पा पुन्हा उडवायला मार्च २०१७ उजाडलं. आज एकेक टप्पा ३० पेक्षा जास्त वेळा उडून आलाय. २०२५ या एका वर्षात फाल्कन ९ ची १६५ उड्डाणं झाली, म्हणजे दर दोन-सव्वादोन दिवसांनी एक. यातली बहुतेक उड्डाणं स्पेसएक्सच्या स्वतःच्याच स्टारलिंक उपग्रहांसाठी होती. फाल्कनचा वरचा टप्पा मात्र अजूनही दरवेळी वाया जातो.

तोही वाचवायचा म्हणून स्टारशिप बनतंय, आणि 'चाचणी सुरू आहे' असं जे आपण बातम्यांत वाचतो ते प्रामुख्यानं याच्याबद्दल. त्याचा प्रवास खडतर आहे. २० एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात रॉकेट हवेतच गेलं. १३ ऑक्टोबर २०२४ ला पाचव्या उड्डाणात खाली येणारा बूस्टर उड्डाणतळावरच्या मनोऱ्यानं दोन यांत्रिक हातांत अलगद झेलला. तेव्हा वाटलं, आता काही दूर नाही. पण २०२५ च्या जानेवारी, मार्च आणि मे अशा सलग तीन उड्डाणांत वरचं यान गमावलं. मेच्या उड्डाणात एकदा वापरलेला बूस्टर पहिल्यांदा पुन्हा उडाला, ही त्यातली जमेची बाजू. जूनमध्ये तर एक यान जमिनीवरच्या चाचणीतच फुटलं. ऑगस्टच्या दहाव्या आणि ऑक्टोबरच्या अकराव्या उड्डाणात गाडी रुळावर आली, आणि नकली स्टारलिंक उपग्रह सोडून दाखवण्याचा सरावही झाला. मग नोव्हेंबरमध्ये पुढच्या, तिसऱ्या आवृत्तीचा पहिला बूस्टर दाबाच्या चाचणीत बिघडला.

आपल्यासाठी यातला मुद्दा एकच. स्टारलिंकचे पुढच्या पिढीचे मोठे उपग्रह स्टारशिपमधूनच जायचेत. ते वर गेल्याशिवाय एका भागात जास्त घरांना चांगला वेग देता येणार नाही. स्टारशिप लांबलं की तेही लांबतं.

बाकीच्यांचं काय? जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनचं न्यू ग्लेन जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याच प्रयत्नात कक्षेत गेलं, पण बूस्टर हातचा गेला. १३ नोव्हेंबर २०२५ च्या दुसऱ्या उड्डाणात तो बोटीवर उतरला. चीनच्या झुचे-३ रॉकेटनं डिसेंबर २०२५ मध्ये कक्षा गाठली, उतरणं मात्र फसलं. एक गंमत म्हणजे बेझोस यांनीच स्थापन केलेल्या अ‍ॅमेझॉनला स्वतःचे इंटरनेट उपग्रह वर पाठवायला काही उड्डाणं प्रतिस्पर्धी स्पेसएक्सकडूनच विकत घ्यावी लागली.

इस्रो कुठं आहे?

इस्रो दोन वाटांनी चालली आहे. पहिली वाट पंखांच्या यानाची. २३ मे २०१६ ला आरएलव्ही-टीडी हे छोटं यान रॉकेटवर बसवून सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर नेलं आणि ते ध्वनीच्या पाचपट वेगानं परत येऊन बंगालच्या उपसागरात उतरलं. त्यानंतर प्रश्न होता धावपट्टीवर उतरण्याचा. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चाचणीसाठी खास धावपट्टी आहे. तिथं हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं यान साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं, आणि ते आपलं आपण धावपट्टी शोधून उतरलं. एप्रिल २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२४ अशा तीनही चाचण्या जमल्या. तिसऱ्या वेळी मुद्दाम ५०० मीटर बाजूला सोडलं होतं, वाराही जोराचा होता. यान ताशी ३२० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं टेकलं, तेही बरोबर मधल्या रेषेवर. प्रवासी विमान साधारण २६० च्या वेगानं टेकतं, यावरून अंदाज घ्या. या यानाचं नाव 'पुष्पक'.

दुसरी वाट फाल्कनसारखी, उभं उतरणाऱ्या टप्प्याची. केंद्रीय मंत्रिमंडळानं १८ सप्टेंबर २०२४ ला एनजीएलव्ही या नव्या रॉकेटसाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन नेण्याची क्षमता आणि पुन्हा वापरता येणारा पहिला टप्पा, असं त्याचं स्वरूप आहे. मुदत आठ वर्षांची आहे. म्हणजे २०३२ च्या आधी त्याच्या भरवशावर काही आखण्यात अर्थ नाही.

तोवर काय करायचं, याचं उत्तर इस्रोनंच नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलं. जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोचा इंटरनेट उपग्रह आपल्या एलव्हीएम-३ च्या ताकदीबाहेरचा होता, म्हणून तो अमेरिकेतून फाल्कन ९ वर पाठवला. आधी अनेक वेळा वापरलेल्या बूस्टरनंच भारताचा हा ब्रॉडबँड उपग्रह वर नेला. म्हणजे परत येणाऱ्या रॉकेटचा आणि भारतातल्या इंटरनेटचा संबंध कधीच जुळलाय, स्टारलिंकची वाट न बघता.

मग जीसॅट आणि स्टारलिंकमध्ये फरक काय?

उंचीचा. जीसॅट ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथं उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरतो, त्यामुळं डिश टीव्हीच्या छत्रीसारखी छत्री एकदा रोखली की झालं. पण तुम्ही मोबाइलवर बोट लावलं की तुमची मागणी वर जाते, खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येतं. चार खेपा मिळून एक लाख त्रेचाळीस हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ बघायला हे चालतं, व्हिडिओ कॉलवर मात्र दोघंही एकदमच बोलायला लागतात.

स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळं हा उशीर जाणवत नाही. मात्र एवढ्या खालचा उपग्रह काही मिनिटांत तुमच्या डोक्यावरून निघून जातो. एकामागोमाग दुसरा हवा, म्हणून हजारो लागतात. २०२५ च्या अखेरीस असे नऊ हजारांहून जास्त वर होते. एकाचं आयुष्य साधारण पाच वर्षं, म्हणजे दरवर्षी शेकड्यांनी नवे सोडावेच लागतात. परत येणारं रॉकेट नसतं तर हा धंदाच उभा राहिला नसता.

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: क्षमता वाटून घ्यावी लागते. जीसॅट-एन२ ची एकूण क्षमता ४८ जीबीपीएस, झोत ३२. सरासरी एका झोताला दीड जीबीपीएस. एका झोताखाली कित्येक जिल्हे येतात, आणि एकाच वेळी दीडशे घरांनी १० एमबीपीएस वापरलं की तो झोत भरला.

रॉकेट स्वस्त झालं, तर बिल कमी व्हायला नको?

इथं बहुतेकांचा गैरसमज होतो. फाल्कन ९ च्या एका उड्डाणाची जाहीर किंमत २०१६ च्या सुमारास ६.२ कोटी डॉलर होती. तेव्हा टप्पा परत वापरायला सुरुवातही झाली नव्हती. २०२४ मध्ये, शेकडो वेळा टप्पे वापरून झाल्यावर, किंमत होती जवळजवळ ७ कोटी डॉलर. कमी झाली नाही, वाढली. बाजारात दुसरा कुणी तेवढ्या भावात देत नसेल तर भाव उतरवायचं कारण काय? जिनिंगमध्ये नवं मशीन आलं म्हणून कापसाचा भाव वाढत नाही, हे यवतमाळच्या वाचकाला समजावून सांगायला नको. वाचलेला पैसा कंपनीनं स्वतःचे उपग्रह वाढवायला वापरला.

ग्राहकाचं बिल ठरतं ते वेगळ्याच गोष्टींवर: घरावरच्या छत्रीची किंमत, जमिनीवरची केंद्रं, सरकारला द्यायचं स्पेक्ट्रमचं शुल्क आणि एका भागात किती ग्राहक. भारतात शुल्काचा प्रश्नच २०२५ संपेपर्यंत सुटला नव्हता. ट्रायनं मे २०२५ मध्ये कंपनीच्या समायोजित महसुलाच्या ४ टक्के शुल्क सुचवलं, शहरी ग्राहकामागं वर्षाला ५०० रुपये जादा. खेड्यातल्या ग्राहकासाठी ते जादा पैसे नाहीत, ही त्यातली चांगली गोष्ट.

स्टारलिंकला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, जुलैमध्ये इन-स्पेसची मंजुरी. वनवेब आणि जिओ-एसईएस यांच्याकडे परवाने आधीपासून आहेत. दराबद्दल दोन आकडे फिरतात. दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये महिन्याला सुमारे ३,००० रुपये असं सांगितलं. डिसेंबरमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर ८,६०० रुपये महिना आणि छत्रीचे ३४,००० असे आकडे झळकले, पण ती चाचणीची नकली माहिती होती, असा खुलासा कंपनीनं लगेच केला.

आपण मंत्र्यांचा कमी आकडाच धरू. वर्षाचे ३६,००० रुपये. ८,११० च्या हमीभावानं हा झाला जवळजवळ साडेचार क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल निघाला तरी शेतकरी 'बरं झालं' म्हणतो. म्हणजे एका एकराचं अख्खं पीक इंटरनेटच्या बिलात, आणि त्यात बियाणं, खत, फवारणी, वेचाई अजून धरलेलीच नाही.

विजेचंही बघा. स्टारलिंकची नेहमीची छत्री साधारण ७५ ते १०० वॉट घेते. चोवीस तास चालली तर महिन्याला ५४ ते ७२ युनिट. पंखा आणि दोन दिवे असलेल्या घराला ही वाढ लहान नाही. वीज गेली की इन्व्हर्टर हवा. आणि छत्रीला आकाश मोकळं लागतं. अंगणातलं चिंचेचं झाड किंवा घराला लागून असलेला सागवान आडवा आला की जोडणी मधेमधे तुटते. आषाढातल्या धो-धो पावसातही वेग पडतो.

राज्य सरकारच्या करारात यवतमाळ आहे का?

५ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत महाराष्ट्रानं स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांची नावं आहेत. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतले हेच महाराष्ट्रातले चार जिल्हे. शेजारचं वाशिम आहे, यवतमाळचं नाव नाही.

मला यातला तपशील नावांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. भर घरांवर नाही, सरकारी संस्थांवर आणि सार्वजनिक सेवांवर आहे. सुरुवात ९० दिवसांच्या पथदर्शी प्रकल्पानं, आणि तीही केंद्राच्या मंजुऱ्या मिळाल्यावर. शाळा, आरोग्य केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र ही पहिली ठिकाणं. उपग्रहाचा हा वापर आकड्यांतही बसतो.

कसा, ते करून बघू. त्याच राज्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की स्टारलिंकला भारतात जास्तीत जास्त २० लाख जोडण्या देता येतील. २०११ च्या जनगणनेत देश १२१ कोटींचा, यवतमाळ जिल्हा २७.७२ लाखांचा. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली तर यवतमाळच्या वाट्याला साडेचार हजारांच्या आसपास जोडण्या येतात. (वाटणी अशी होणार नाही, हा फक्त अंदाज घेण्याचा हिशेब.) जिल्ह्यात ग्रामपंचायती आहेत बाराशेच्या आसपास. म्हणजे एका ग्रामपंचायतीमागं तीन-चार. घरोघरी वाटायला हा आकडा हास्यास्पद आहे. शाळा, उपकेंद्र आणि ग्रामपंचायत एवढ्यांसाठी मात्र तो पुरून उरतो. आणि तीन हजारांचं बिल तीस घरांत वाटलं तर घरामागं शंभर रुपये पडतात. अर्थात असं वाटून घ्यायला कंपनीची परवानगी हवी, घरगुती जोडणी शेजाऱ्यांना विकता येत नाही.

भारताला हे नवं नाही. १९७५-७६ मध्ये साइट या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांना टीव्ही दाखवला होता. घराघरांत नाही, गावात एक संच, आणि सगळं गाव त्याच्यासमोर. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

मग यवतमाळमध्ये अडतं नेमकं कुठं?

जिल्हा मोठा आहे, १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके सोळा. दर चौरस किलोमीटरला माणसं २०४. राज्याची सरासरी ३६५ आहे. टॉवर उभारणारी कंपनी आधी हेच बघते की एका टॉवरखाली किती सिमकार्डं येतील. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा या शहरांत आणि महामार्गालगत प्रश्न फारसा नाही. प्रश्न आहे तो केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणीकडच्या कोलाम पोडांचा, पैनगंगेच्या बाजूला उमरखेडच्या जंगलपट्टीचा आणि पुसदच्या डोंगराआडच्या तांड्यांचा. पोड म्हणजे मोजक्या घरांची वस्ती, मूळ गावापासून दोन-तीन किलोमीटर आत. गावात रेंज असते, पोडावर नसते. कागदावर मात्र 'गाव जोडलं गेलं'.

कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू झाली, आणि तिच्यात रस्ते, घरांसोबत मोबाइल टॉवरही आहेत. पोडावर टॉवर मागायचा असेल तर या योजनेचं नाव अर्जात असायला हवं. शिवाय जुलै २०२२ मध्ये केंद्रानं २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले होते. ते काम बीएसएनएलकडे आहे.

फायबरची गोष्ट वेगळी आहे. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तिचंच नाव पुढं भारतनेट झालं. महाराष्ट्रात पहिला टप्पा बीएसएनएलनं केला, दुसरा राज्यानं महानेट म्हणून. केबल तालुक्यापासून एका रेषेत, एका गावातून पुढच्या गावात जायची. रेषेत मधे कुठं जेसीबीनं केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. आणि रस्त्याची कामं तर चालूच असतात. नागपूर-तुळजापूर महामार्गाचं रुंदीकरण याच जिल्ह्यातून झालं. दुसरी अडचण ग्रामपंचायतीत. यंत्र बसलं, पण त्याला वीज कोण देणार, बिघडलं तर कोण बघणार? कुलूपबंद खोलीत यंत्र आणि खोलीची चावी ग्रामसेवकाकडं, हे दृश्य ग्रामीण महाराष्ट्रात फिरलेल्या कुणालाही ओळखीचं आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला, त्यात या दोन्ही चुकांवर उपाय आहे. रेषेऐवजी वर्तुळ: एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालू. आणि घरापर्यंत जोडणी देऊन ती सांभाळायला गावातलाच उद्योजक, ज्याला बिलातला वाटा मिळतो. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरं जोडायचं लक्ष्य आहे. ग्रामपंचायतीच्या मुख्यालयाबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची तरतूदही आहे. यातला 'मागणीनुसार' हा शब्द लक्षात ठेवा, कारण ग्रामसभेनं मागितलंच नाही तर यादीत येणार कसं?

आज घरी इंटरनेट घ्यायचं तर काय घ्यावं?

आधी फायबर शोधा. संचार साथी पोर्टलवर पिनकोड टाकला की त्या भागात वायरचं इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांची नावं दिसतात. बीएसएनएलचे फायबर प्लॅन काहीशे रुपयांत आहेत, आणि खेड्यात बऱ्याचदा गावातला केबलवालाच बीएसएनएलचा भागीदार असतो. त्यालाच विचारलेलं बरं. वेग, भरवसा आणि पैसा या तिन्हींत फायबरला तोड नाही. गावात एका दुकानात जरी फायबर आलं असेल, तर पीएम-वाणी योजनेत तो दुकानदार वेगळा परवाना न काढता वाय-फाय विकू शकतो.

फायबर नाही पण ५जी आहे, तर जिओ किंवा एअरटेलचं एअर फायबर. छतावर एक डबा, आत राउटर. जिओचा दर ५९९ रुपयांपासून, त्यावर जीएसटी वेगळा. जोडणीचे पैसे भरण्याआधी छतावर चढून ५जी खरंच येतं का, ते त्याच कंपनीच्या सिमवर बघून घ्या.

फक्त ४जी आहे आणि तेही एक-दोन काड्या? मग ४जी राउटर आणि बाहेरचा अँटेना. छतावर उंच बांबूला बांधून टॉवरच्या दिशेनं रोखला की घरात न चालणारा सिग्नल कामापुरता होतो. शून्य रेंजला मात्र यानं काहीच होत नाही.

बीएसएनएलचं ४जीही तपासा. स्वदेशी तंत्रज्ञानाचं हे जाळं २७ सप्टेंबर २०२५ ला अधिकृतपणे सुरू झालं. त्याच्याकडे ७०० मेगाहर्ट्झची लहर आहे, जी लांब जाते आणि झाडीतूनही बरी पोचते. पण ती पकडायला फोनमध्ये २८ क्रमांकाचा बँड हवा आणि सिम ४जीचं हवं. जुन्या सिमवर 'बीएसएनएलला रेंजच नाही' म्हणणाऱ्यांनी आधी सिम बदलून बघावं.

यातलं काहीच नसेल तर उपग्रह. जीसॅटवर चालणारी व्हीसॅट सेवा आजही मिळते. बँका आणि पेट्रोल पंप ती वापरतात. ती घरासाठी महाग आहे, शाळेसाठी किंवा आश्रमशाळेसाठी विचार करण्यासारखी. स्टारलिंकची वेळ त्यानंतर, आणि तीही आधी शाळा-दवाखान्यासाठी.

स्टारलिंकच्या नावानं कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. २०२१ मध्ये कंपनीनं परवान्याआधीच भारतात ९९ डॉलर घेऊन नोंदणी सुरू केली होती. नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागानं लोकांना सावध केलं आणि कंपनीला पैसे परत करावे लागले. ती निदान खरी कंपनी होती. 'एजन्सी देतो', 'पहिल्या शंभर ग्राहकांना छत्री मोफत' असं म्हणत फोन करणाऱ्यांकडून परत काही येणार नाही. सेवा सुरू झाली की नोंदणी कंपनीच्या संकेतस्थळावर होईल. जिओ आणि एअरटेलनंही मार्च २०२५ मध्ये स्टारलिंकशी करार केलेत, त्यामुळं त्यांच्या दुकानांतही चौकशी करता येईल.

पुढच्या ग्रामसभेत विचारायला तीन प्रश्न: आपल्या ग्रामपंचायतीतलं भारतनेटचं यंत्र चालू आहे का, सुधारित कार्यक्रमात आपली वाडी-पोड मागणीच्या यादीत घातली का, आणि शाळेच्या किंवा उपकेंद्राच्या जोडणीचं बिल कोणत्या निधीतून जातं. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.